जनी, मुक्ता, सोयरा, बहिणा: कुठली गोष्ट कुणाची हे ओळखायचं कसं

मागच्या आषाढीला आमच्या सोसायटीत मुलांची दिंडी होती आणि फ्लेक्सचं काम माझ्या गळ्यात पडलं. आदल्या रात्री साडेअकराला बसून नेटवरून फोटो उचलले, संत बहिणाबाई असं टाईप केलं, पहिला जो फोटो आला तो टाकला, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, झालं. सकाळी दिंडी निघाली तशा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, मूळच्या जळगावकडच्या, फ्लेक्सपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आमची असोद्याची बहिणाबाई. हिला संत कधी केलंत गं?" मी म्हटलं आजी, दोन आहेत का? तर त्या इतक्या हसल्या की टाळ वाजवायच्या थांबल्या.

त्या दिवसापासून मला खोडच लागली. फॅमिली ग्रुपवर एकादशीला येणारे फॉरवर्ड, शाळेचे भाषणाचे कागद, कुणाची तरी रील, सगळं तपासून बघते. आणि कळलं की फोटोची चूक म्हणजे किरकोळ, खरा गुंता गोष्टींचा आहे. जनाबाईची गोष्ट सखूला, चोखोबांची जनाबाईला, तुकोबांचं स्वप्न बहिणाबाईला. तर मध्ययुगीन संत बायकांच्या गोष्टी ओळखायची माझी पद्धत पायरीपायरीने लिहिते. एका फॉरवर्डला अर्धा तास पुरतो, सुरुवातीला तासभर धरा.

एक सांगून ठेवते, संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, मग त्या मध्ययुगीन कशा असं कुणी विचारेल. आपल्याकडे साहित्याचा मध्ययुगीन काळ साधारण १८१८ पर्यंत, म्हणजे पेशवाई संपेपर्यंत धरतात, त्यामुळे त्या बसतात त्यात.

सामान काय लागतं

एक सकल संत गाथा, म्हणजे सगळ्या संतांच्या अभंगांचा संग्रह. बऱ्याच घरांत आजोबांची असते, कपाटाच्या वरच्या फळीवर, नसेल तर लायब्ररीत मिळेल. दुसरं, महिपतींचा भक्तविजय. महिपती म्हणजे ताहाराबादचे, राहुरी तालुक्यातले, १७१५ ते १७९०, आणि आपण लहानपणी ज्या संतांच्या गोष्टी ऐकल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त त्यांच्या पुस्तकांतून कीर्तनात आणि कीर्तनातून आजीच्या तोंडी आल्यात. भक्तविजय १७६२ चा. हे साल लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. तिसरं, एक साधी वही. फोन सगळ्यात शेवटी, कारण फोन आधी उघडला की तोच तोच मजकूर दहा ठिकाणी दिसतो आणि वाटतं दहा पुरावे मिळाले.

वहीत प्रत्येक संत बाईसाठी एक पान. त्यावर गाव, कुणाच्या घरची किंवा कुणाची शिष्या, अभंगात नाव कसं येतं, काळ, हातात कुठलं काम, आणि तिची गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली. हा शेवटचा रकाना बहुतेक लोक करतच नाहीत, आणि गंमत म्हणजे निम्मा गुंता तिथेच सुटतो.

पायरी १: आधी शेवटचा चरण शोधा

फॉरवर्डमध्ये अभंग असेल तर वरून वाचूच नका, खालून वाचा. शेवटच्या चरणात कवीची मुद्रा असते, आणि ती म्हणजे सहीच. जनाबाईची "नामयाची दासी", "दासी जनी" किंवा "म्हणे जनी". बहिणाबाईंची "बहेणि म्हणे". सोयराबाईंची "चोखियाची महारी". मुक्ताबाईंची "मुक्ताई म्हणे".

आता अडचण अशी की पोस्ट बनवणारे शेवटचा चरणच कापतात, कारण चौकोनात मावत नाही. "अवघा रंग एक झाला" हा सोयराबाईंचा अभंग, पण मला तो आत्तापर्यंत तुकोबांच्या नावाने आलाय, चोखोबांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नावाने आलाय आणि एकदा तर नुसतं "पारंपरिक" लिहून आलाय. मुद्रेत जातीचा उल्लेख आहे म्हणून काहींना अवघडल्यासारखं होतं आणि ते मुद्दाम गाळतात, कळतं मला, पण त्या बाईने स्वतः केलेली ती एकच सही आहे, ती पुसली की अभंग बेवारस होतो आणि मग नवऱ्याच्या नाहीतर आणखी मोठ्या नावाच्या खात्यावर जमा होतो.

उलटीही फसवणूक होते. अभंगात ज्याचं नाव दिसतं तो कवी असेलच असं नाही. ताटीच्या अभंगांत प्रत्येक कडव्याला "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" येतं, म्हणून माझ्या भाच्याच्या प्रोजेक्टमध्ये कवी ज्ञानेश्वर असं लिहिलेलं होतं. अरे बाबा, दाराआड रुसून बसलेला माणूस स्वतःलाच दार उघड म्हणेल का? ते मुक्ताई म्हणतेय, बाहेर उभी राहून, आणि वयाने ती सगळ्यात धाकटी.

आणखी एक जाळं म्हणजे जनार्दन. "एका जनार्दनी" म्हणजे एकनाथ, गुरू जनार्दनस्वामींचं नाव जोडून. आणि "जनी जनार्दन" हे वेगळे संत, ते पुरुष, जनार्दनस्वामींचे शिष्य, बीडचे. नुसतं "जनी" दिसलं म्हणून तो अभंग उचलून जनाबाईच्या पानावर चिकटवू नका.

पायरी २: अभंग की जात्यावरची ओवी

ही पायरी छोटी आहे पण करा. आपल्याकडे बायकांनी दळताना हजारो ओव्या रचल्या, त्यात जनी येते, मुक्ताई येते, रुक्मिणी येते, विठ्ठलाशी भांडतात, एकमेकींच्या सुना-नणंदाही होतात. ह्या ओव्यांत जनी बोलत नसते, जनीविषयी दुसरी कुणी बोलत असते. ओळीत जनी तृतीयपुरुषी असेल, शेवटी मुद्रा नसेल, आणि चाल दळणाची असेल, तर ती जनाबाईची रचना नाही, जनाबाईवर जीव असलेल्या कुण्या बाईची आहे. वहीत तसंच लिहा.

पण सावध, जनाबाई स्वतःही स्वतःबद्दल तृतीयपुरुषात बोलते. "झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी" हे तिचंच. म्हणून एकट्या खुणेवर निकाल देऊ नका, गाथेत तो अभंग आहे का ते काढून बघा.

पायरी ३: नाव एक, बायका दोन

इथे माझीच फजिती झाली होती त्यामुळे जरा तपशिलात. संत बहिणाबाई १६२८ ते १७००, जन्म देवगाव रंगारीचा, वेरुळच्या बाजूचं गाव, आणि समाधी शिऊरला, वैजापूर तालुक्यात. तुकोबांच्या शिष्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१, असोद्याच्या, जळगावजवळच्या, "अरे संसार संसार" वाल्या, ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलंय. दोघींमध्ये अडीचशे वर्षं. भाषा बघितली की क्षणात कळतं, चौधरींची लेवा बोली, शेतातली, चुलीजवळची, आणि संत बहिणाबाईंची ब्राह्मण घरातली, पुराण-वेदान्त ऐकून तयार झालेली. आणि फोटो असेल तर प्रश्नच मिटला, सतराव्या शतकात कॅमेरा कुठला. हे मला फ्लेक्स करताना सुचायला हवं होतं.

"संतकृपा झाली, इमारत फळा आली" हा अभंग दोन्ही बहिणाबाईंच्या नावावर फिरतो आणि तुकोबांच्याही. त्यात "तुका झालासे कळस" आहे, आता तुकोबा स्वतःलाच कळस म्हणतील का? पुढे शेवटाला बहिणाबाईंचं नाव येतं, फडकणाऱ्या ध्वजाबरोबर.

अक्का हेही तसंच. अक्कमहादेवी बाराव्या शतकातल्या, कन्नड वचनं लिहिणाऱ्या, चेन्नमल्लिकार्जुनाच्या भक्त. अक्कास्वामी ह्या समर्थ रामदासांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या. आणि महदाइसा वेगळ्या, महानुभाव पंथातल्या, तेराव्या शतकात धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रचणाऱ्या, आद्य मराठी कवयित्री म्हणून ज्यांचं नाव घेतात. महदाइसांच्या नावाने विठ्ठलाची गोष्ट आली तर सरळ थांबा, महानुभावांकडे चक्रधर, गोविंदप्रभू, श्रीकृष्ण, तिथे वारी आणि विठोबा शोधायचे नसतात.

पायरी ४: सालाची वजाबाकी

जुन्या पुस्तकांत शक असतो, इसवी सन नाही. शकात ७८ मिळवा, झालं (वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ७९). मुक्ताबाई शके १२०१ ते १२१९, म्हणजे १२७९ ते १२९७. अठरा वर्षांचं आयुष्य. जनाबाई परंपरेप्रमाणे नामदेवांबरोबरच गेल्या, आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, म्हणजे १३५०. तिथीमध्येही एक खड्डा आहे: उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे आपला आषाढ वद्य म्हणजे त्यांचा श्रावण. हिंदी पोस्टमध्ये नामदेवांची पुण्यतिथी श्रावणात दिसली तर भांडायला जाऊ नका.

आता ही वजाबाकी वापरून बघू. गोष्ट अशी: कबीर जनाबाईला भेटायला आले, बघतात तर दोन बायका गोवऱ्यांवरून भांडतायत. त्यातली एक जनाबाई. कबिरांना म्हणाली, माझ्या गोवऱ्या ओळखायला सोप्या आहेत, कानाला लावा, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल त्या माझ्या. काय सुंदर गोष्ट आहे. पण कबीर पंधराव्या शतकातले, परंपरा त्यांचा जन्म १३९८ चा सांगते. जनाबाई १३५० ला गेल्या. अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर, भेटणार कशा?

म्हणून गोष्ट फेकून द्यायची का? अजिबात नाही. वहीत लिहायचं, "भेट काळात बसत नाही, गोवऱ्यांची कथा पुढे सातव्या पायरीत बघू".

पायरी ५: गावं नीट लावा

मुक्ताबाई तापीकाठी, मेहूणला, वीज कडाडली आणि अंतर्धान पावल्या असं परंपरा सांगते, हे ठिकाण जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगरजवळ. चोखोबांचं जन्मगाव म्हणून ज्याचं नाव घेतात ते मेहुणाराजा, बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजाकडे, आणि कथांमध्ये त्यालाच मेहुणपुरी म्हणतात, तिथे त्यांची बहीण निर्मळा राहायची. मेहूण आणि मेहुणा, एका काना-मात्रेचा फरक, आणि निर्मळेला तापीकाठी नेऊन ठेवणारा एक अख्खा लेख मी वाचलाय. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद, ते जुन्या पुस्तकात वाचून लोक तेलंगणातलं आदिलाबाद समजतात, तो आणखी एक प्रकार.

मंगळवेढा तर जंक्शनच आहे. कान्होपात्रा मंगळवेढ्याची. दामाजीपंत मंगळवेढ्याचे. चोखोबा गावकुसाची भिंत कोसळून गेले, १३३८ साली, तेही मंगळवेढ्यात. त्यात कान्होपात्रेच्या गोष्टीत बिदरचा बादशहा आणि दामाजींच्या गोष्टीतही बिदरचा बादशहा. एवढं सगळं एका गावात आणि एका दरबारात म्हटल्यावर सरमिसळ होणारच. खूण सोपी ठेवा: बादशहाने माणूस न्यायला शिपाई पाठवले तर कान्होपात्रा, धान्याचा हिशोब मागितला तर दामाजी.

जनाबाई मूळची गंगाखेडची, परभणी जिल्ह्यातली, पण आयुष्य पंढरपुरात, नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी. गोपाळपुरात तिचं म्हणून जातं दाखवतात. सखू कराडची. वेणाबाई मिरजेच्या.

पायरी ६: दर्शन कुणी सांगितलं, बघणारीने की ऐकणाऱ्याने

ही मुख्य पायरी, इथे वेळ काढा.

संत बाईला देव दिसला, गुरू दिसला, अशी गोष्ट आली की पहिला प्रश्न विचारायचा: हे तिच्या तोंडून आहे का? तीन थर असतात. तिच्या स्वतःच्या अभंगात आहे, जवळच्या माणसाच्या अभंगात आहे, किंवा तीन-चारशे वर्षांनी महिपतींनी लिहिलंय. सखूची अख्खी गोष्ट तिसऱ्या थरातली. मुक्ताईचं ताटीचं प्रकरण पहिल्या थरातलं. आणि ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट तिच्या तोंडची नाही, तिच्याविषयीची आहे, दोन्ही एकाच परिच्छेदात असली तरी वेगळी ठेवा.

मुक्ताई, जनाबाई, बहिणाबाई, तिघींचं "दिसणं"ही वेगवेगळं आहे, हे कळलं की गोष्टी आपोआप आपापल्या घरी जातात. मुक्ताईचं दर्शन म्हणजे कोडं. मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते, असलं काहीतरी, कूट अभंग, योगाची भाषा. तिच्याकडे देव घरकामाला येत नाही. जनाबाईचं बरोबर उलट, तिला समाधी वगैरे लावायला वेळच नाही, देव येतो तो कामाच्या वेळेलाच, दळायला, शेणी वेचायला, केर भरायला, डोक्यातल्या उवा बघायला. तिचा देव घामाघूम असतो. म्हणून एखाद्या गोष्टीत जनाबाई डोळे मिटून ध्यानाला बसली आणि ज्योत दिसली असं आलं की मला लगेच शंका येते.

आणि बहिणाबाईंना जे दिसलं ते स्वप्नात, आणि ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं, तेही आत्मचरित्र म्हणावं असं सलग. अकराव्या वर्षाच्या आसपासची पोर, कोल्हापुरात, घरात एक वासरू, ते तिच्या मागे मागे कीर्तनालाही जायचं. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानावर पडले. ह्या सगळ्याचा बोभाटा झाला, नवऱ्याने बेदम मारलं, बांधून ठेवलं. तिला मारलं तर वासराने चारा सोडला. पुढे ते वासरू गेलं, पोरगी शुद्ध हरपून पडली, आणि त्यात तुकोबा दिसले. तोवर तिने तुकोबांना पाहिलेलं नव्हतं, आणि तुकोबा तिकडे देहूत चांगले हयात होते. पुढे हे कुटुंब देहूला गेलं, तिथे तुकोबांना पाण्यात बघणाऱ्या मंबाजीचा त्रासही सोसला.

आता तुकोबांचं स्वतःचं स्वप्न शेजारी ठेवा. त्यांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला. गंगास्नानाला जाताना वाटेत भेटले, मस्तकावर हात ठेवला, रामकृष्ण हरी मंत्र दिला. तारीखही दिली: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. बहिणाबाईंच्या स्वप्नातही मस्तकावर हात, कानात मंत्र, आणि त्याही तिथी-वार देतात: कार्तिक वद्य पंचमी, रविवार. शिष्येने गुरूच्या अनुभवाच्याच चालीवर आपला अनुभव मांडलाय, मला तरी असंच वाटतं, आणि त्यात खोटेपणा काही नाही, आपल्याला जे दिसतं ते आपण ऐकलेल्या भाषेतच सांगतो ना. पण ह्या सारखेपणामुळेच दोन्ही स्वप्नं एकमेकांत शिरतात. ओळखायची खूण ही घ्या: बाबाजींनी तुकोबांकडे जेवणाला पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा म्हणतात स्वप्नात मला त्याचा विसर पडला. बहिणाबाईंना मात्र गुरूने हातात पुस्तक दिलं, मंत्रगीता. म्हणजे तूप असेल तर तुकोबा, पुस्तक असेल तर बहिणाबाई. पावशेर तुपाचा तो विसर मला सगळ्या गाथेत सगळ्यात खरा वाटतो, असलं कुणी मुद्दाम रचत नाही.

शेवटच्या दिवसांत बहिणाबाईंनी मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले, चालू होता तो तेरावा. हा भागही त्यांच्याच अभंगांत आहे, त्यामुळे "पुनर्जन्म आठवणारी संत" असं काही आलं तर त्यांच्याच पानावर बघा.

पायरी ७: साचा ओळखा, मग फरकावर बोट ठेवा

आता गोवऱ्यांकडे परत. चोखोबा भिंतीखाली गेल्यावर नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुठली कळेना, तर ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी केली. कान लावायचा आणि नाम ऐकायचं, साचा तोच. एकीकडे हाडं, एकीकडे शेणाच्या गोवऱ्या. दोन्ही ठिकाणी ज्याला लोक हलकं मानतात त्यातून देवाचं नाव येतं, म्हणून साचा दोघांना बरोबर बसलाय.

चोरीच्या आळाचा साचाही असाच. विठ्ठल जनाबाईकडे आला, पहाटे घाईत स्वतःचं पदक तिथेच विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवळात बोंब, जनीवर आळ, सुळावर द्यायला नेलं, तर सुळाचं पाणी झालं. चोखोबांवर आळ आला तो हाराचा, "विठोबाचा हार तुझ्या कंठी कैसा आला" हे त्यांच्याच अभंगात आहे, बडवे, म्हणजे देवळातले पुजारी, मारतायत आणि ते देवाला धाव म्हणतायत. कथेत त्यांना बैलांना बांधलं आणि बैल जागचे हलेनात. मला आलेल्या एका फॉरवर्डमध्ये जनाबाईच्या गळ्यात हार होता आणि बैलही होते. तपासायला दोन मिनिटं लागली: पदक, वाकळ, सूळ हे जनीचं. हार, बडवे, बैल हे चोखोबांचं.

तिसरा साचा, देव बाईचं रूप घेतो. सोयराबाईंचे दिवस भरलेले आणि चोखोबा मेहुणपुरीला बहिणीकडे निघून गेलेले (ह्यावर मला बरंच बोलायचंय पण जाऊ दे), तेव्हा विठ्ठल नणंद बनून, निर्मळेच्या रूपात आला आणि बाळंतपण केलं. सखूला सासरच्यांनी खांबाला बांधलं, तर विठ्ठल तिच्या जागी सखू होऊन राहिला, ती पंढरीला गेली, तिथेच वारली, आणि आता देव कराडला सून म्हणून अडकून पडणार म्हणून रुक्मिणीची पळापळ, तिने अस्थी गोळा करून सखूला उठवलं. नणंद झाला तर सोयरा, सून झाला तर सखू. आणि जनाबाईकडे देव रूपच बदलत नाही, तो विठोबा म्हणूनच जात्याला हात लावतो.

विषाचा पेला मीराबाईंचा म्हणून सगळ्यांना माहीत, पण मिरजेच्या वेणाबाईंनाही घरच्यांनी विष दिलं आणि त्या वाचल्या अशी कथा आहे. राणा असेल तर मीरा, रामदास असतील तर वेणाबाई. आणि मूर्तीत विलीन होणं: तमिळ संत आंडाळ श्रीरंगमला, मीरा द्वारकेला. कान्होपात्रेची कथा जवळची पण तशी नाही, तिने विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला, देह मागे राहिला, देवळाच्या दक्षिण दाराशी पुरला, आणि तिथे तरटीचं झाड उगवलं असं सांगतात. देह उरतो की नाही, एवढंच बघायचं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. जुन्या गोव्याला सगळे से कॅथेड्रल बघायला जातात, ते संत कॅथरीनचं. पण कुठली? पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतलं, तो अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचा सण, म्हणून ते तिचं. सिएनाची कॅथरीन वेगळी, इटलीतली, १३४७ ते १३८०. दोघींच्याही कथेत दर्शनात येशूशी लग्न लागतं, त्यामुळे युरोपातसुद्धा घोळ. मोडकं चाक दिसलं तर अलेक्झांड्रियाची, पांढरा-काळा जोगिणीचा वेष आणि हातात लिलीचं फूल असेल तर सिएनाची. पद्धत तीच, साचा सोडा आणि वस्तू बघा.

पायरी ८: मग लिहायचं कसं

सगळं झाल्यावर फॉरवर्ड करणाऱ्या काकांना "हे चूक आहे" असं ग्रुपवर लिहू नका, मी लिहिलं होतं, आठ दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. वेगळ्या मेसेजमध्ये लिहा, आणि चूक न म्हणता भर घाला: "काका, हा सोयराबाईंचा, शेवटचा चरण राहिलाय, हा घ्या." लोक आनंदाने दुरुस्ती करतात, उलट पुढच्या वेळी आधी विचारतात.

भाषणात किंवा बोर्डवर लिहायचं असेल तर क्रियापदाकडे लक्ष द्या. तिच्या अभंगात असेल तर "जनाबाई म्हणतात". जुन्या ग्रंथातलं असेल तर "महिपतींनी सांगितलंय". काळात बसत नसेल तर "अशी एक कथा आहे". एवढ्या तीन शब्दरचनांत गोष्ट जिवंत राहते आणि कुणाचं कुणाला जात नाही.

यंदाच्या दिंडीला फोटो एकही लावला नाही, मुलींच्या हातात वस्तू दिल्या. जनी झालेलीला पुठ्ठ्याचं जातं आणि आजीची जुनी वाकळ. मुक्ताईला ताटी, म्हणजे खरं तर आमच्या गच्चीतली बांबूची चटई. बहिणाबाई झालेली पोर कापडी वासरू ओढत होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ते बघून मान डोलावली. सोयरा झालेलीला काय द्यायचं हे मात्र सुचेना, तिच्या सगळ्या गोष्टींत नवरा आहे, नणंद आहे, देव आहे, तिच्या हातात कुणी काही ठेवलेलंच नाही. शेवटी काहीच दिलं नाही. तिला "देहासी विटाळ म्हणती सकळ" पाठ करायला लावला, आणि तिने तो गेटपाशी उभं राहून अख्खा म्हटला, शेवटच्या चरणासकट.